जागेवर ठेवले

गोदावहिनींच्या घरात प्रत्येक कागदाला जागा होती आणि मला नव्हती. त्यांच्याबद्दल लिहायचं तर मला इथूनच सुरुवात करावी लागते. बाकीचे लोक त्यांचं अक्षर आठवतात, टापटीप आठवतात, कुणी त्यांच्या हातची कढी आठवतं. मला आधी पोटात दुखलेलं आठवतं. मत्सर, असूया असले शब्द मी वापरत नाही. माझ्या पोटात दुखायचं, आणि त्याचं कारण भिंतीपलीकडे फळीवर लावून ठेवलेलं असायचं.

महाराष्ट्र नुकताच झाला होता त्या दिवसांतली ही गोष्ट. खामगावात कापसातली सरकी काढायच्या एका जिनामागे टिनाच्या छपराची दोन बिऱ्हाडं होती. एकात गोदावहिनी आणि त्यांचे यजमान वामनभाऊ राहत. वामनभाऊ त्याच जिनाच्या कचेरीत लिहिण्याच्या कामावर होते. दुसऱ्यात मी आणि आमचे हे. हे शाळेत मास्तर. दोन्ही घरांच्या स्वयंपाकघरांमधली भिंत एकच होती. त्या भिंतीत दिवा ठेवायची एक देवळी होती आणि तिची पाठ कुणीतरी कधीतरी फोडलेली होती, त्यामुळे ती दोन्हीकडून उघडी. वाटी सहज जाईल एवढीच. विरजण, काड्यांची पेटी, कढीत घालायचा गोडलिंब आणि दिवसभराचं बोलणं, सगळं तिथून जायचं-यायचं. सकाळी पलीकडची चूल पेटली की हाक यायची, "अवं शांते, उठली का वं?" मी उठलेलीच असे, पण ती हाक ऐकायची म्हणून तशीच पडून राहत असे.

वहिनी माझ्याहून बऱ्याच मोठ्या. उंच, हाडकुळ्या, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटावर शाईचा डाग. तो डाग पुरणाच्या दिवशीसुद्धा असायचा. त्यांच्या घरात कात्र्या दोन. एकीला लाल चिंधी बांधलेली, ती फक्त कागदाची. एकदा मी त्या कात्रीनं मिरचीचं देठ कापलं, तर त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली, पदरानं पुसली आणि म्हणाल्या, "हे भाजीची नाई वं. हिले मिरची लागली का कार्डाले झोंबते." हे त्या थट्टेनं म्हणत नव्हत्या.

आमच्याकडे, म्हणजे सगळ्या चारचौघांकडे, आलेलं पत्र तारेला खोवायची पद्धत. खुंटीला एक वाकडी तार, तिच्यावर पत्रं, पावत्या, लग्नपत्रिका, सगळं एकावर एक. खालचं पाहिजे असेल तर वरचं सगळं उतरवायचं. वहिनींना ती तार बघवत नसे. "काऊन भोसकून राह्यली वं त्याले," त्या म्हणायच्या, "दुरून आलं हाये बिचारं." त्यांच्या बाहेरच्या खोलीत चारही भिंतींना एकेक फळी होती. फळ्यांवर लुगड्यांचे खोके, उदबत्तीचे पुडे, बिस्किटांचे डबे, आणि प्रत्येकावर जुन्या लुगड्याचा तुकडा. हंगामात जिन चालू झालं की कापसाचे तंतू उडून आमच्या दुधावर, केसांवर, पदरावर बसत. वहिनींच्या कागदांवर कधी बसले नाहीत. आत कडुनिंबाचा वाळलेला पाला असे, कसर लागू नये म्हणून.

पण खरी गंमत लावण्यात होती. कुणी पत्रं तारखेनं लावतं, कुणी नात्यानं. वहिनी दिशेनं लावीत. नवी होते तेव्हा मला हे काही केल्या कळेना. त्यांच्या काकांचं पत्र एका फळीवर आणि काकूंचं दुसरीवर, असं कसं? तेव्हा त्यांनीच मला विचारलं, "नागपूर कोनीकडं हाये?"

मी हात करून दाखवला.

"तं मंग नागपूरचं पत्र तिकडच्याच फळीवर पाह्यजे. मुंबईचं इकडं. मेहकर-चिखलीचं त्या आंगाले. माणूस यीन तं तिकडूनच यीन ना?"

काका भुसावळला आणि काकू बाळंतपणासाठी मेहकरला, म्हणून दोघं दोन फळ्यांवर. काकू परत गेल्या की पुढची पत्रं आपोआप एका फळीवर येत. पत्र हातात पडलं की वहिनी आधी त्या दिशेला तोंड करून उभ्या राहत, तशाच उभ्यानं एकदा वाचत, मग बसून एकदा वाचत. बघणाऱ्याला वाटावं, कुणी समोर येऊन बोलतंय.

पूर्वेची फळी सगळ्यांत भरलेली. उत्तरेची मोकळी. सातपुड्याच्या अंगाला त्यांचं कुणीच नव्हतं, म्हणून तिथं कोरी पाकिटं, टीपकागद, शाईच्या गोळ्या आणि डिंकाची बाटली. आणि पूर्वेच्या फळीवर, सकाळचं ऊन पडे त्या जागी, गुलाबाची चित्रं असलेला एक डबा एकटा ठेवलेला होता. त्या डब्यात फक्त मालूची पत्रं. मालू ही त्यांची माहेरची मैत्रीण, नागपूरला दिलेली. मी तिला कधी पाहिलं नाही. पण उभ्या आयुष्यात माझ्या पोटात एखाद्या बाईबद्दल एवढं दुखलं नसेल.

दिवाळी झाली की वामनभाऊ कचेरीतून एक गठ्ठा आणत. जिनाला दलालांची, पेढ्यांची, तेलगिरण्यांची भेटकार्डं येत. मालकांनी पाहून झाली की ती केरात जायची, त्याआधी भाऊ ती उचलत. मग दोन दिवस वहिनींचं घर बंद. त्या मांडी घालून बसत, लाल चिंधीची कात्री घेत आणि पेढीचं छापलेलं नाव तेवढं अलगद कापून काढत. मागे राही ती नुसती लक्ष्मी, नाहीतर समई, नाहीतर कमळ. कापल्या जागी पांढऱ्या कागदाची पट्टी लावली की नवं कार्ड तयार. जुनी पाकिटं उलटून नवी करीत. कचेरीची काही कोरी पाकिटं होती, त्यांच्यावर 'मुंबई राज्य' छापलेलं. त्या एकेक घेऊन त्यावर एक बारीक रेघ मारीत आणि खाली 'महाराष्ट्र' लिहीत. रेघ अशी की खालचं वाचताही यावं. "त्याले राग येऊ नाई," त्या म्हणायच्या. कोणाला, ते मी विचारलं नाही.

एका दिवाळीला त्या गठ्ठ्यात सोनेरी कडेचं एक कार्ड निघालं. कमळात बसलेली लक्ष्मी, आणि कड अशी चमकत होती की टिनाच्या भोकातून आलेलं ऊन तिच्यावर पडून आढ्याला लागत होतं. मी तिथंच बसून पाकिटांना खळ लावत होते.

"वहिनी, हे मी घेऊ का?"

"कोनतं? अवं नाई वं, ते मालूले धाडाचं हाये. तू हे घे, गाईचं."

गाय चांगली होती. वासरूही होतं. मी ती घरी आणून खोक्याखाली टाकून दिली. सोनेरी कडेच्या कार्डाच्या पाकिटाला खळ मात्र मीच लावली होती.

पुढच्या उन्हाळ्यात वहिनींना ताप आला. आठवडाभर देवळीतून मी पेज दिली, कपाळावर पट्ट्या ठेवायला दुपारभर जाऊन बसले, वामनभाऊंचा डबा केला. अंगातला ताप उतरला, त्या उठून बसल्या, आणि पहिलं काम काय केलं, तर टाक-दौत मागवून मालूला कार्ड लिहिलं. 'शेजारच्या शांतेनं फार केलं' असं एक वाक्य त्यात होतं, त्यांनीच वाचून दाखवलं. आता हे वाक्य मला सांगायचं, तर ते नागपूरला कशाला? पण लिहायचं म्हटलं की त्यांना लांबचं माणूस लागे.

मालूच्या बाबतीत एकदा आमच्या साऱ्या गल्लीची फजिती झाली. आमच्याकडे कुणी गेल्याचं पत्र लिहितात तेव्हा कार्डाचा कोपरा फाडतात. असं पत्र उंबऱ्याच्या आत येऊ देत नाहीत. बाहेर उभ्यानं वाचायचं आणि तिथंच फाडून टाकायचं. एका दुपारी पोस्टमन गफूरभाई दारात आले आणि नेहमीसारखी हाक न मारता हळू म्हणाले, "वहिनी, बाहीरच या. कोपरा गेला हाये."

वहिनी बाहेर आल्या. कार्ड नागपूरचं. त्या पूर्वेला तोंड करून उभ्या राहिल्या, पण चष्मा डोळ्यांवर असूनही वाचेनात. तेवढ्यात कोपऱ्याची बातमी गल्लीत गेली होती. दोन बाया आल्या आणि त्यांनी सूर लावला. मीही रडले. मालूशी माझं काय घेणं होतं? पण शेजारीण असून रडण्यात मागं राहणं बरं दिसत नाही. मग गफूरभाईंनीच कार्ड हातात घेतलं, अडखळत वाचलं आणि म्हणाले, "या खुदा. हे तं बारशाचं हाये!"

मालूला मुलगा झाला होता. कोपरा टपालाच्या पिशवीतच कुठंतरी फाटला असावा. रडणाऱ्या बाया तशाच हसायला लागल्या आणि पदरानं डोळे पुसत आपापल्या घरी गेल्या. आता पंचाईत अशी की कोपरा फाटलेलं कार्ड घरात न्यायचं कसं, आणि बारशाचं कार्ड फाडायचं कसं? वहिनी ओट्यावर तशाच उभ्या. उन्हानं ओटा तापलेला, पायात काही नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी मला हाक मारली, "शांते, जराशी खळ शिजव वं. अन् माही कात्री दे, लाल चिंधीची."

मी खळ शिजवली. त्यांनी ओट्यावरच बसून पांढऱ्या कागदाचा कोपरा कापला, कार्डाला बेतून लावला, सुकेपर्यंत फुंकत राहिल्या. मग नव्या कोपऱ्याला हळद-कुंकवाची बोटं लावली आणि कार्ड दोन्ही हातांत धरून उंबरा ओलांडला. "ये बाबू, आता ये," असं त्या कार्डाला म्हणाल्या. मी मागे खळीचं भांडं धरून उभी होते. माझ्या भाच्याच्या बारशाला त्यांनी देवळीतून झबलं दिलं होतं, चांगलं टोपड्यासकट, पण असं कुणाला 'ये' म्हटलं नव्हतं.

त्या दिवशी मी ठरवलं की आपलंही पत्र त्या फळीवर गेलं पाहिजे. संक्रांत आली. बाजारातून मी एक कार्ड आणलं, हलव्याचे दागिने घातलेल्या मुलीचं. आमच्या ह्यांच्याकडून मायना विचारून घेतला, पत्ता खालच्या ओळीतल्या 'महाराष्ट्र'सकट पूर्ण लिहिला आणि तिकीट लावून पेटीत टाकलं. दुसऱ्या दिवशी गफूरभाई आले ते माझ्याच दारात.

"बाई, हे बाजूले देऊन द्या ना. तुमच्या तं भिंतीतूनच जाते."

"नाई, तुमीच द्या. त्यांच्या हातात."

गफूरभाईंनी सायकल थांबवली. "काऊन? भांडन झालं का?"

आता नाही म्हणावं तर गल्लीभर भांडणाची बातमी जाणार. मी कार्ड घेतलं आणि देवळीतून पलीकडं सरकवलं.

"कोनाचं वं?" पलीकडून आवाज आला.

"पाहा ना."

मी वाकून बघत होते. वहिनींनी सवयीनं कार्ड हातात धरून तोंड वळवलं. आधी पूर्वेकडं. मग थांबल्या, पश्चिमेकडं वळल्या. मग दक्षिणेकडं. चुलीपुढं त्या गोल फिरल्या आणि हसत सुटल्या. "अवं, हे आलं कोनीकडून? खामगावातूनच खामगावात? ह्या गावाची फळीच नाई ना वं माह्यापाशी!"

त्या डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. मी नाही हसले. कार्ड त्यांनी पदराखाली घातलं. पुढं त्या पाण्याला गेल्या तेव्हा मी चारही फळ्या बघून आले, कुठंच नव्हतं. चुलीत गेलं, असं मी धरून चालले. गाईचं कार्ड मी खोक्याखाली टाकलं होतं, त्याची परतफेड झाली म्हणायची.

मग आमची बदली झाली, जळगाव जामोदला. घर सोडताना बायका रडतात. मी रडत होते तेसुद्धा खरं होतं, पण मनातल्या मनात मी उत्तरेची फळी पुसत होते. जामोद म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याशी, खामगावच्या सरळ उत्तरेला. तिकडून लिहिणारी मी एकटीच. शाई आणि डिंक बाजूला होणार आणि तिथं माझा डबा बसणार. देवळीतून वहिनींनी शेवटची वाटी दिली, विरजणाची, प्रवासात सांडेल म्हटलं तरी दिलीच. "पत्र धाडजो वं," म्हणाल्या.

धाडलं. पोचल्याबरोबर धाडलं. आठवड्यानं उत्तर आलं, उलटलेल्या पाकिटात. 'चि. सौ. शांतास अनेक आशीर्वाद. तुझे पत्र मिळाले. जागेवर ठेवले.' पुढं कढीची, पावसाची, वामनभाऊंच्या गुडघ्याची हकीकत. पण मी 'जागेवर ठेवले' एवढंच पुन्हा पुन्हा वाचलं. राखीला, दिवाळीला, संक्रांतीला, पाडव्याला मी कार्डं धाडत राहिले आणि दर उत्तरात ती ओळ यायची. मी डब्याची कल्पना करायची. कधी त्यावर मोर असायचा, कधी द्राक्षं. गुलाब नको होते.

काही वर्षांनी ह्यांचं खामगावात शाळेचं काही काम निघालं आणि मी हट्टानं बरोबर गेले. आमच्या जुन्या दाराला निळा पडदा होता. नवीन बिऱ्हाड आलेलं, बाई तरुण, ओट्यावर वाळवण घालत होती. माझ्या ओट्यावर. तिच्याकडं न बघता मी वहिनींकडं शिरले. वहिनी वाळल्या होत्या, केस पांढरे झाले होते, बोटावरचा डाग होता तसाच. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि चहा टाकायला आत गेल्या. मी लगेच उत्तरेची फळी गाठली.

शाईच्या गोळ्या. टीपकागद. डिंकाची बाटली. कोरी पाकिटं. डबा नाही, खोका नाही, साधा उदबत्तीचा पुडासुद्धा नाही. पूर्वेला वळले तर मालूच्या डब्याशेजारी तिचाच दुसरा डबा आलेला. एकाचे दोन! मी लुगड्यांचे तुकडे उचलून पश्चिम पाहिली, दक्षिण पाहिली. कुठंही माझ्या अक्षराचा कागद नव्हता. एवढ्या वर्षांचं 'जागेवर ठेवले' आणि जागा म्हणजे चूल?

"काय पाहून राह्यली वं?" वहिनी आतूनच म्हणाल्या.

"माही पत्रं," मी तिथूनच ओरडले. लपवायचं काय होतं आता? "मालूले दोन-दोन डबे, अन् मले उत्तरेले एक पुडा बी नाई?"

"उत्तरेले काऊन राहतीन तुही पत्रं?"

"जामोद कोनीकडं हाये मंग?"

"जामोद असन तिकडं," त्या शांतपणे म्हणाल्या. "अठी ये."

मी स्वयंपाकघरात गेले. वहिनी चुलीपुढं बसल्या होत्या. त्यांनी हनुवटीनं भिंत दाखवली. देवळी भरलेली होती. लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला एक गठ्ठा आरपार घट्ट बसवलेला, वाटी सोडा, काडी जाणार नाही असा. मी तुकड्याचा कोपरा उचलला. माझंच अक्षर. दिवाळी, राखी, पाडवा, एकावर एक. सगळ्यांत खाली हलव्याचे दागिने घातलेली मुलगी, कड थोडी काळी पडलेली.

"हे तं मी जामोदहून धाडलेले होते," मी म्हटलं. तरीही मला भांडायचंच होतं.

"तुहा आवाज अठूनच येत होता ना वं," वहिनी म्हणाल्या. "तोंड कोनीकडं करून वाचू मी?"

मालूच्या डब्यांबद्दल बोलायचं होतं, ते राहून गेलं. भिंतीपलीकडं पावलं वाजली, भांडं ठेवल्याचा आवाज झाला, आणि माझ्या कार्डांच्या मागून, दबलेला, गुदमरलेला आवाज आला, "वहिनी, थोडं विरजण देता का?"

वहिनींना मी शेवटचं पाहिलं ते त्या वेळी. माझ्या पेल्यात चहा गाळत होत्या, डोळे गाळणीवर. मान त्यांनी वळवलीसुद्धा नाही.

"समोरून या, बाई," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "तिकडून वाट नाई."